हरित कर्जावर पहिला बोजा कोणाचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हरित ऊर्जेच्या कंपन्यांना सरकारने पैसा द्यावा की नाही, यावर आपल्या पत्रस्तंभात गेल्या काही दिवसांत दोन्ही बाजूंनी बरेच लिहून झाले आहे. एका बाजूच्या पत्रलेखकांना प्रत्येक सौर कंपनी म्हणजे सरकारी तिजोरीवरचा दरोडा वाटतो, तर दुसऱ्या बाजूला शंका काढणारा माणूसच पर्यावरणाचा वैरी ठरतो. मी एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या कर्जविभागात तेहेतीस वर्षे काढली, त्यांतली शेवटची नऊ थकीत कर्जांच्या वसुलीत गेली, आणि त्यामुळे या वादाकडे पाहण्याची माझी दृष्टी जरा कारकुनी आहे. कंपनी बुडेल की तरेल हा प्रश्न मला दुय्यम वाटतो, कारण दहांपैकी दोन-तीन बुडणार हे कर्ज देणाऱ्याने धरूनच चालायचे असते. बुडण्याआधी पैसा नेमका कुठे गेला हे कोणी डोळ्यांनी पाहिले होते काय, आणि बुडाल्यावर उरलेल्या मालमत्तेवर पहिला बोजा, म्हणजे ती विकून आपले पैसे आधी वसूल करण्याचा हक्क, कोणाचा राहिला, हे दोन प्रश्न विचारले की बहुतेक प्रकरणे आपोआप उलगडतात.

अमेरिकेतील सोलिंड्रा कंपनीचे नाव या वादात हमखास निघते, पण तिचे दुखणे काय होते हे क्वचितच सांगितले जाते. कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथील ही कंपनी सपाट पॅनेलऐवजी काचेच्या नळकांड्यांवर सौरघटाचा पातळ थर चढवीत असे. त्या थराला सिलिकॉन लागत नसे, आणि २००८मध्ये शुद्ध सिलिकॉनचा बाजारभाव किलोला चारशे डॉलरांच्या घरात गेलेला असल्यामुळे हा फार मोठा फायदा दिसत होता. सप्टेंबर २००९मध्ये अमेरिकी सरकारने तिच्या ५३.५ कोटी डॉलरांच्या कर्जाला हमी दिली आणि मे २०१०मध्ये अध्यक्ष ओबामा स्वतः कारखाना पाहून आले. पण तोवर जगभर सिलिकॉनचे नवे कारखाने उभे राहून भाव कोसळले होते, नेहमीची सपाट पॅनेले दर तिमाहीला स्वस्त होत होती, आणि नळकांड्यांना त्या किमतीत गिऱ्हाईक मिळेना. ऑगस्ट २०११च्या अखेरीस काम बंद पडले, सुमारे अकराशे लोक घरी बसले आणि आठवड्याभरात कंपनी दिवाळखोरीच्या न्यायालयात गेली.

इथपर्यंतच्या कथेत मला सरकारला फारसा दोष देववत नाही. भाव पडला की कर्ज थकते हे मंदसोरकडच्या लसणाच्या बाबतीत आम्ही दर दोन-तीन वर्षांनी पाहत आलो आहोत. मला खटकते ते २०११च्या सुरुवातीचे कलम. कंपनी अडचणीत आल्यावर कर्जाची पुनर्रचना झाली, खासगी गुंतवणूकदारांनी आणखी ७.५ कोटी डॉलर घालायचे कबूल केले, आणि त्या बदल्यात कंपनी मोडीत निघालीच तर त्यांचे हे पैसे सरकारच्या आधी फेडले जातील हे सरकारने मान्य केले. नवा पैसा आला नाही तर कंपनी त्याच महिन्यात बसेल, हा सरकारी अधिकाऱ्यांचा युक्तिवाद खोटा नव्हता. परंतु वसुलीखात्यातील कोणालाही विचारा: आजारी खात्यात पहिला बोजा सोडणारा सावकार पुढे लिलावाच्या दिवशी मांडवाबाहेर उभा असतो.

अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्याच दुसऱ्या एका कर्जयोजनेतून टेस्ला या मोटार कंपनीला जानेवारी २०१०मध्ये ४६.५ कोटी डॉलर मिळाले होते आणि तिने ते मे २०१३मध्ये, मुदतीच्या नऊ वर्षे आधी, सव्याज फेडले. सोलिंड्राचे नाव घेणारे टेस्लाचे घेत नाहीत आणि टेस्लाचे घेणारे सोलिंड्राचे टाळतात. या खात्याने २०१४च्या अखेरीस आपल्या साऱ्या कर्जयोजनांचा हिशेब मांडला तेव्हा बुडीत रक्कम सुमारे ७८ कोटी डॉलर आणि तोवर मिळालेले व्याज सुमारे ८१ कोटी डॉलर निघाले, म्हणजे सरकार बुडाले नाही. मात्र बुडणाऱ्या कंपनीचा तोटा पुरता सोसायचा आणि गगनाला भिडलेल्या कंपनीकडून व्याजाखेरीज काही घ्यायचे नाही, असा हा व्यवहार होता. खासगी भांडवलदार अशा अटींवर दमडी लावणार नाही.

आपल्याकडचे ताजे उदाहरण जेन्सोल इंजिनिअरिंगचे आहे. शेअरबाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने १५ एप्रिल २०२५ रोजी दिलेल्या अंतरिम आदेशात मांडलेले आकडे असे आहेत, की इरेडा आणि पॉवर फायनान्स कॉर्पोरेशन या दोन सरकारी वित्तसंस्थांनी या कंपनीला ९७७.७५ कोटी रुपयांची कर्जे दिली आणि त्यांतले ६६३.८९ कोटी रुपये ६,४०० विजेवरच्या मोटारी घेण्यासाठी होते. कंपनीने स्वतःचा वीस टक्के वाटा घातल्यावर मोटारींवर सुमारे ८३० कोटी खर्च व्हायला हवे होते. प्रत्यक्षात घेतल्या गेल्या ४,७०४ मोटारी, आणि त्यांची किंमत झाली ५६७.७३ कोटी. उरलेल्या २६२.१३ कोटींचा हिशेब लागेना. विक्रेत्याकडे गेलेल्या पैशांपैकी काही रक्कम फिरून कंपनीकडे आणि प्रवर्तकांशी संबंधित खात्यांकडे आल्याचे, आणि त्यांतून गुरुग्राममधील एका आलिशान सदनिकेसाठी पैसे भरले गेल्याचे त्या आदेशात नमूद आहे. कर्जफेड नियमित असल्याची जी पत्रे पतमापन संस्थांना दाखवण्यात आली, ती आपण दिलीच नसल्याचे या दोन्ही सरकारी संस्थांनी कळवले, हेही त्यात आहे. ज्या टॅक्सीसेवेसाठी या गाड्या घेतल्या होत्या ती त्याच महिन्यात थांबली, आणि मे महिन्यात इरेडाला सुमारे ५१० कोटींच्या थकबाकीसाठी दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. इरेडाचे समभाग नोव्हेंबर २०२३मध्ये ३२ रुपयांना विक्रीस आले तेव्हा ते घेण्यासाठी आमच्या पेन्शनरांच्या सकाळच्या कट्ट्यावर केवढी लगबग होती, हे मला या निमित्ताने आठवले.

येथे पर्यावरणाचा किंवा तंत्रज्ञानाचा काही संबंध नाही. गाडी धावत होती, तिला प्रवासी मिळत होते. देपालपूरच्या एखाद्या शेतकऱ्याला आम्ही ट्रॅक्टरसाठी कर्ज देत असू तेव्हा रक्कम त्याच्या हाती न देता थेट विक्रेत्याच्या नावे काढत असू, आणि तेवढ्यावर न थांबता महिन्याभरात आरसी बुक मागवून त्यावर बँकेचा बोजा चढला आहे की नाही ते पाहत असू. बुक आले नाही तर शाखेचा माणूस मोटारसायकलवर खेड्यात जाऊन इंजिनावरचा क्रमांक लिहून आणी. असा एक पाहणी अहवाल मी स्वतः गुडघाभर चिखलात उभा राहून लिहिला आहे, कारण ट्रॅक्टर नाल्यापलीकडे होता. विक्रेत्याला दिलेला पैसा मागल्या दाराने परत येऊ शकतो हे बँकेतल्या शिपायालाही माहीत असते, म्हणून तर आरसी बुकाचा आग्रह. आता तर वाहनांची नोंद संगणकावर असते. सहा हजार चारशे गाड्यांपैकी किती रस्त्यावर आल्या हे कळायला चिखलात उतरण्याचीही गरज नव्हती.

कोणी म्हणेल की हे सारे हरित ऊर्जेचेच प्रताप आहेत, तर तसे नाही. संसदेच्या ऊर्जाविषयक स्थायी समितीने मार्च २०१८च्या अहवालात कोळशावरच्या ३४ अडचणीतल्या वीजप्रकल्पांची यादी दिली होती आणि त्यांची क्षमता ४० हजार मेगावॉटच्या वर होती. त्यांच्यामागे सरकारी बँकांचाच पैसा अडकला होता. आणि दाभोळचे नाव मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. केंद्राची प्रतिहमी असूनही २००१मध्ये तो प्रकल्प बंद पडला, तेव्हा तिथे ना सूर्य होता ना वारा.

हरित प्रोत्साहनात मात्र एक खास दोष दीर्घकाळ होता आणि तो मी जवळून पाहिला आहे. पवनचक्की घेणाऱ्याला तिच्या किमतीच्या ८० टक्के घसारा, म्हणजे यंत्राची झीज म्हणून खर्चात धरायची रक्कम, पहिल्याच वर्षी दाखवता येत असे, आणि तेवढ्या नफ्यावरचा कर वाचे. यंत्र वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरले तर घसारा निम्मा, म्हणून सप्टेंबरच्या अखेरीस एक आणि मार्चच्या अखेरीस दुसरी अशा दोन झुंबडी उडत. सियागंजातले आमचे एक जुने खातेदार किराण्याचे घाऊक व्यापारी होते. त्यांनी एका मार्चमध्ये पवनचक्कीसाठी कर्जाचा अर्ज केला. चक्की कुठे बसणार, असे मी विचारले तर त्यांनी आपल्या सी. ए.कडे पाहिले, आणि सी. ए.ने फाइल उलटून गावाचे नाव सांगितले. व्यापाऱ्यांनी ती चक्की पुढे कधी पाहिली की नाही हे मला ठाऊक नाही, पण तिचा हप्ता मात्र त्यांनी कधी चुकवला नाही, कारण करातून वाचलेला पैसा हप्त्यापेक्षा मोठा होता. कागदोपत्री हे उत्तम खाते. वारा किती वाहतो, वर्षाला किती युनिटे तयार होतात, याची चौकशी ना व्यापाऱ्याने केली, ना आयकर खात्याने, आणि खरे सांगायचे तर आम्हीही वरवरचीच केली. सरकारने या पवनचक्कीवर पैसा खर्च केला होता, पण तो वीज निर्माण करण्यासाठी नव्हे, ती उभी करण्यासाठी. डिसेंबर २००९मध्ये युनिटमागे ५० पैसे देण्याची योजना आली तेव्हा प्रथमच मीटरकडे लक्ष गेले. पुढे २०१२मध्ये दोन्ही सवलती एकदम थांबल्या, आणि देशातली नव्या पवनचक्क्यांची उभारणी एका वर्षात जवळजवळ निम्म्यावर आली. सुझलॉन ही आपली सर्वांत मोठी पवनचक्की कंपनी, परदेशी खरेदीच्या कर्जाने आधीच वाकलेली, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये परकी चलनातील रोखे फेडू शकली नाही. सरकारी धोरणाचा नळ असा अचानक उघडला नि बंद केला जातो, तेव्हा त्यात बुडणाऱ्या कंपनीला सर्वस्वी नालायक म्हणणे अन्यायाचे होते. ती कंपनी नंतर सावरली, हे नोंदवायला हवे.

बियांच्या तेलापासून डिझेल देणार म्हणून गाजलेल्या रतनजोतीची (जट्रोफाची) आठवण आज कोणाला असेल का? २००३मध्ये नियोजन आयोगाच्या समितीने एक कोटी हेक्टरांहून अधिक जमिनीवर ही झुडपे लावून डिझेलमध्ये वीस टक्के मिश्रण करण्याचा आराखडा दिला होता, आणि आमच्या माळव्यातही रोपवाटिका उघडल्या. झुडपे वाढली, बी आले नाही. जिथे आले तिथे घेणारा नव्हता. किती पैसा गेला याचा एकत्रित ताळेबंद सामान्य वाचकापुढे कधी आला नाही, योजना नुसती बोलण्यातून निघून गेली.

आता आपल्या गावाचे. फेब्रुवारी २०२३मध्ये इंदूर महापालिकेने २४४ कोटींचे हरित रोखे सर्वसामान्यांसाठी खुले केले, तेव्हा मागणी जवळपास सहापट आली आणि त्या रांगेत मीही होतो. व्याज सव्वाआठ टक्के, फेड तीन, पाच, सात आणि नऊ वर्षांच्या चार भागांत, आणि किमान गुंतवणूक दहा हजार रुपये, त्यामुळे आमच्यासारख्यांच्या आवाक्यातली. पैसा, जिथून नर्मदेचे पाणी उपसून इंदूरला येते त्या जलूद येथील ६० मेगावॉटच्या सौर प्रकल्पासाठी. १९७०च्या आंदोलनानंतर नर्मदेचे पाणी इंदूरला मिळाले हे आपण अभिमानाने सांगतो, पण ते पाणी सुमारे ७० किलोमीटर दूर आणि विंध्याचा चढ चढून आणावे लागते, हे जलूदचे पंप पाहिल्याशिवाय उमगत नाही. तिथे उभे राहिले की पायाखालची जमीन थरथरते. या थरथरीचे वीजबिल महिन्याला कोट्यवधींचे असते आणि नळाला पाणी आले की नाही यापलीकडे आपण त्याचा विचार करत नाही. अशा ठिकाणी सौर प्रकल्प ही कल्पना मला सावकाराच्या नजरेनेही पक्की वाटली, कारण विजेचे गिऱ्हाईक शोधायचे नाही, ते रात्रंदिवस पाणी उपसत बसलेले आहे, आणि सोलिंड्रासारखा नव्या तंत्राचा जुगार यात कुठे नाही.

तरीही रोख्यांची कागदपत्रे वाचताना एक गोष्ट लक्षात आली. माझ्या मुद्दलाची आणि व्याजाची भिस्त जलूदच्या उन्हावर नसून महापालिकेच्या करवसुलीवर आहे. पॅनेले ठरल्याप्रमाणे वीज देवोत अथवा न देवोत, माझे व्याज सहामाहीला जमा होत राहील. रोखेधारक म्हणून मला याचा आनंद झाला आणि दुसऱ्याच क्षणी ध्यानात आले की मालमत्ता कर भरणाराही मीच आहे. प्रकल्प रखडला, कमी चालला, तर त्याची झळ ज्यांनी रोखे घेतले त्यांना न बसता बाणगंगेतल्या किंवा परदेशीपुऱ्यातल्या त्या घरमालकाला बसेल, ज्याला रोखे म्हणजे काय हेही माहीत नसेल. रोखे काढताना पालिकेने काही लपवले असे मला मुळीच म्हणायचे नाही. सगळे छापलेले आहे. पण हरित रोख्यांच्या सत्कारसमारंभात जोखीम कोणाच्या खांद्यावर आहे हे वाक्य कोणी मोठ्याने वाचले नाही.

याच पालिकेचा देवगुराडियाचा बायो-सीएनजी प्रकल्प वेगळ्या घडणीचा आहे. तो १९ फेब्रुवारी २०२२ रोजी सुरू झाला, त्याची क्षमता रोजच्या ५५० टन ओल्या कचऱ्याची आणि सुमारे १७ हजार किलो सीएनजीची आहे, आणि भांडवल खासगी भागीदाराचे आहे. पालिकेने दिल्या त्या मुख्यतः दोन गोष्टी: वेगळा केलेला कचरा, आणि तयार होणाऱ्या गॅसपैकी किमान निम्मा आपल्या बससाठी घेण्याचे वचन. सकाळी कचरागाडीचे गाणे ऐकू आल्यावर भाजीची देठे एका डब्यात आणि प्लॅस्टिक दुसऱ्यात टाकणारी आमच्या गल्लीतली प्रत्येक गृहिणी या कारखान्याला कच्चा माल पुरवते, तोही फुकट. प्रकल्प उद्या तोट्यात गेला तर भांडवल भागीदाराचे जाईल आणि कचरा पुन्हा आपल्या दारात येईल. ही विभागणी मला न्याय्य वाटते.

लहान माणसाच्या पातळीवर जोखीम कशी उतरते हे माझ्याच गच्चीने मला शिकवले. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटच्या संचाला ७८ हजारांचे अनुदान मिळते. मी संच बसवला, मीटर लागले, तपासणी झाली आणि मगच अनुदान माझ्या खात्यात जमा झाले; आधी काम, मग पैसा हा क्रम अगदी बरोबर होता. पुढच्या पावसाळ्यात एका रात्री विजांचा कडकडाट झाला आणि सकाळी इन्व्हर्टरवरचा हिरवा दिवा लाल झालेला दिसला. बसवणाऱ्याला फोन केला तर तो लागेना. दुकानावर गेलो तर तिथे मोबाइलच्या कव्हरांचे दुकान थाटलेले होते आणि नव्या मालकाने, माझ्याआधी चारजण विचारून गेल्याचे हसत सांगितले. पॅनेलवर पंचवीस वर्षांची हमी, इन्व्हर्टरवर वेगळी हमी, देखभालीचा पाच वर्षांचा करार, हे सारे कागद माझ्या कपाटात व्यवस्थित आहेत. सात आठवडे संच बंद राहिला आणि शेवटी मी पदरचे पैसे घालून तो दुसऱ्याकडून दुरुस्त करून घेतला. सरकारच्या नोंदीत त्या सात आठवड्यांतही माझी गच्ची ‘सौर’च होती. योजना वाईट नाही, माझे वीजबिल खरोखरच उतरले. पण संच लागले किती याच्या आकड्याशेजारी चालू किती हा रकाना हवा, असे त्या लाल दिव्याकडे पाहून वाटत राहिले.

सरकारने नेमकी कोणती जोखीम अंगावर घ्यावी याचे चांगले उदाहरण आपल्याच राज्यात, मध्य प्रदेशात, आहे. रीवाच्या ७५० मेगावॉट प्रकल्पासाठी फेब्रुवारी २०१७मध्ये लिलाव झाला, त्यात पहिल्या वर्षाचा दर युनिटला २ रुपये ९७ पैसे निघाला आणि त्या वेळी देशाला तो खरा वाटेना. तिथे कंपन्यांना रोख रक्कम वाटलेली नव्हती. जमीन तयार होती, आतल्या वीजवाहिन्या आणि उपकेंद्रे तयार होती, गिऱ्हाईक म्हणून राज्याबरोबर दिल्ली मेट्रो होती, आणि वीजबिल थकले तर राज्य सरकारची हमी होती. पॅनेल महागले, वारंवार बिघडले, तर ते कंपनीचे दुखणे. जमिनीचा वाद आणि बिलाची उधारी हे सरकारचे दुखणे. जे ज्याच्या हातात, ते त्याच्या गळ्यात. याच्या उलट शेजारच्या गुजरातने सात-आठ वर्षे आधी पहिल्या बारा वर्षांसाठी युनिटला १५ रुपये इतका दर लिहून दिला होता. नंतर पॅनेले स्वस्त झाल्यावर बडोद्याच्या सरकारी वीजकंपनीने तो दर कमी करून मागितला आणि २०१३मध्ये नियामक आयोगाने ती मागणी फेटाळली. आयोगाचे मला पटते. करार महाग पडला म्हणून सरकारने शब्द फिरवला असता, तर पुढच्या प्रत्येक लिलावात कंपन्यांनी त्या भीतीचा भाव दरात मिळवला असता.

सौर पॅनेल आणि बॅटरीच्या कारखान्यांसाठी केंद्राने जी उत्पादनाशी जोडलेली प्रोत्साहन योजना आखली, पॅनेलसाठी दोन टप्प्यांत मिळून २४ हजार कोटी आणि बॅटरीसाठी १८,१०० कोटी रुपयांची, तिच्यात पैसा विक्री झाल्यावर मिळतो. कारखाना उभा राहिलाच नाही तर तिजोरी शाबूत राहते. पण तिथला तोटा निराळा असतो: ज्याने बोली जिंकून काम केले नाही त्याने दुसऱ्याची जागा अडवलेली असते, पैसा वाचतो आणि वर्षे जातात. त्यासाठी दंडाची कलमे आहेत, आणि ती तारखेवारी बजावली जात राहावीत एवढीच अपेक्षा आहे.

माझ्या सूचना फार मोठ्या नाहीत. हरित ऊर्जेसाठी सरकारी वित्तसंस्थेने दिलेल्या प्रत्येक मोठ्या कर्जाची वस्तुगणना दर तिमाहीला जाहीर व्हावी, म्हणजे रुपये किती वाटले याबरोबर गाड्या किती नोंदल्या गेल्या, पॅनेले किती बसली, युनिटे किती निघाली हे आकडे शेजारी शेजारी छापले जावेत, आणि ते कंपनीच्या पत्रावरून न घेता आरटीओ आणि मीटर यांच्याकडून घ्यावेत. पुनर्रचना करायची वेळ आली तर सरकारचा पहिला बोजा सोडण्याचा अधिकार कोणा एका अधिकाऱ्याला किंवा मंत्र्याला नसावा; तसा ठराव विधिमंडळाच्या किंवा संसदेच्या पटलावर कारणांसह ठेवला जावा. नव्या, न अजमावलेल्या तंत्राला पैसा द्यायचा असेल तर तो जरूर द्यावा, मात्र त्या यादीवर आधीच लिहावे की यांतले इतके बुडतील असे आम्ही धरले आहे, आणि जे तरतील त्यांच्या वाढीत सरकारचा अमुक वाटा राहील. असे आधी लिहिलेले असले म्हणजे एक कंपनी बुडाल्यावर साऱ्या क्षेत्रावर चिखलफेक होत नाही, आणि चोरी करणाऱ्यालाही ‘जोखीम होती’ म्हणून सुटता येत नाही.

आणि आमच्या महापालिकेला एक विनंती. जलूदच्या प्रकल्पातून त्या महिन्यात किती युनिटे मिळाली आणि पंपांनी एकूण किती खाल्ली, हे दोन आकडे तिने दरमहा नागरिकांना द्यावेत. त्यासाठी नवे संकेतस्थळ, नवे अॅप किंवा सल्लागार नेमण्याची गरज नाही. जलकराच्या पावतीची मागची बाजू कोरीच असते.

आपला,
एक निवृत्त बँक अधिकारी,
इंदूर